धबधब्यापर्यंतची सोबत

दिल्लीतल्या द्वारकेहून मी रविवारी सकाळी अरावलीच्या जंगलात फिरायला जायचो. पायवाट सोपी, शेवटी एक लहानसा धबधबा. तिथे एक वयस्कर गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या, तपकिरी कुत्र्याला घेऊन यायचे. एकदा ते त्याला म्हणाले, "दमलास होय रे? बस जरा." इथे अवचित मराठी कानावर पडली, म्हणून मी थांबलो.

"याला हिंदी कळत नाही," ते म्हणाले. "आमच्या हिनं वाढवला ना. ही गेली. मुलगा-सून हिंदीत बोलतात, नातीला मराठी समजतही नाही. आता घरात मराठी आम्ही दोघंच."

त्यानंतर भेटलो की आम्ही नुसती मान हलवायचो. त्यांचं बोलणं सगळं कुत्र्याशीच चालायचं. भाजीत मीठ कमी होतं, गुडघा दुखतोय, असलं काहीबाही.

मग काही रविवार ते आलेच नाहीत. आले तेव्हा एकटेच, जंगलाच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभे होते. काय झालं ते मी विचारलं नाही.

"तुम्हाला घाई नाही ना?" ते म्हणाले.

"नाही, काका."

धबधब्यापर्यंत ते बोलत राहिले. मी मागे येतोय ना, हे मधूनमधून वळून बघत होते.