ड्रॅगनच्या पंखातला पांढरा धागा

मावशी खुर्चीत नीट बसेचना. पिशवी कधी मांडीवर, कधी पायाशी.

"अगं, पिक्चर सुरू झालाय."

"दिसतंय मला. मध्यंतर कधी?"

थिएटर जेमतेम चार-पाच रांगांचं. राजकन्येने तोंड उघडायच्या आत तिचा संवाद प्रेक्षकच म्हणत होते. हा सिनेमा आपटला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आता लोक त्याची पारायणं करतात. त्यातला ड्रॅगन मावशीने शिवलेला, म्हणून मी हौसेने तिला ओढून आणलं होतं.

"नको म्हणत होते ना मी," ती कुजबुजली, आणि मग अंधारातच तिने सांगून टाकलं. कड्यावरच्या प्रसंगाच्या ऐन वेळी ड्रॅगनचा पंख फाटला. काळा धागा संपलेला, ऊन उतरत चाललेलं, दिग्दर्शक डोक्यावर बसलेला. हाताला लागला तो पांढरा धागा तिने ओवला. वरून काळी शाई फिरवणार, तोवर कॅमेरा सुरू झाला. सिनेमा पडल्यावर दिग्दर्शकाने सगळ्यांदेखत तिच्यावर खापर फोडलं, "हिच्या धाग्याने माझं नाक कापलं." तेव्हापासून मावशीने सिनेमाचं नाव टाकलं. गणवेश शिवले, पडदे शिवले, आणि कुणी न सांगता प्रत्येक शिवण दोनदा ओढून पाहत राहिली.

"आता कुणाला दिसणार आहे तो?" मी म्हटलं.

"आंधळ्यालाही दिसेल. नुसता दोरखंड!"

पडद्यावर कडा आला. ड्रॅगनने पंख पसरला आणि सगळं थिएटर उठून ओरडलं, "धागा! धागा!" शिट्ट्या, हशा. काळ्या कापडावर वाकडीतिकडी पांढरी रेघ, आणि पंखाला लोंबकळत दरी ओलांडणारी राजकन्या.

मावशीही उठली. मला वाटलं, निघाली. पण ती वळली ती मागच्या टकलू गृहस्थाकडे. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

"एवढे ओरडताय, तर उसवला का तेही बघा ना!"

ते गांगरले. "उसवेल कसा हो मावशी? त्याच्याच जिवावर तर लटकलीय ती! दर वेळी जीव मुठीत धरून बघतो आम्ही."

मावशी खाली बसली. पिशवी मांडीवर घेतली, पुन्हा पायाशी ठेवली. राजकन्या पलीकडे टेकेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही.

"चांगली भरलेल्या अंगाची होती पोरगी," पडद्यावरची नजर न हलवता ती पुटपुटली. "मला तेव्हाही अशीच धाकधूक होती."