एका व्हिसात बसणारं बेट

लोक आम्हा दोघांना जिवलग मित्र समजत. पुण्यात एकाच मेडिकल कॉलेजात होतो, मग इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत एकाच हॉस्पिटलात. दर उन्हाळ्यात दोन्ही कुटुंबं दोन गाड्या घेऊन सुट्टीला निघायची. डिकीत कुकर, स्टोव्ह आणि तांदळाची पिशवी. त्याची बायको थालीपिठाची भाजणी करून आणायची, माझी चिवडा करायची. बुकिंग माझ्याकडे, कारण फोनवर इंग्रजांशी बोलताना तो भांडणावर यायचा.

मला तो आवडत नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मुळात होतं ते पासपोर्टावरून. मी ब्रिटिश पासपोर्ट घेतला, त्याने घेतला नाही. आपण परत जाणार, मुलगी हायस्कूलला जायच्या आत जाणार, असं तो म्हणायचा. मुलगी हायस्कूलला गेली, तरी म्हणायचा. त्याचं त्याने म्हणावं, माझी हरकत नव्हती. पण तो ते माझ्यावर काढायचा. दिवाळीच्या जेवणाला भाड्याचा हॉल भरलेला, आणि हा पलीकडच्या टेबलावरून मोठ्याने विचारतो, "काय रे, हीथ्रोला आता तू गोऱ्यांच्या रांगेत ना? आम्हाला तिथून हात तरी करत जा." सगळे हसले. माझी बायकोही हसली. मी मठ्ठा आणायला म्हणून उठलो तो बराच वेळ परत आलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कॉर्सिकाला जायचं ठरलं. तेव्हा एका व्हिसावर युरोपभर हिंडता येत नसे, प्रत्येक देशाचा वेगळा काढावा लागे. कॉर्सिका फ्रान्सचंच, बोटही फ्रान्समधूनच सुटणारी, म्हणजे त्या नवराबायकोला एक फ्रेंच व्हिसा पुरे. म्हणून तर हे बेट निवडलं. तो रजा टाकून लंडनला गेला, कॉन्सुलेटबाहेर पावसात उभा राहिला आणि दोघांचे शिक्के घेऊन आला. मुलं इथेच जन्मलेली, त्यांचे पासपोर्ट ब्रिटिश.

बोटीसाठी मी जरा उशिराच फोन केला. बुकिंगवाली बाई म्हणाली, तुमच्या तारखेला दोन गाड्यांना जागा नाही, दुसऱ्या दिवशी आहे. आणि मग सहज म्हणाली, जेनोआहून सार्डिनियाला मात्र त्याच तारखेची मिळेल.

मी सार्डिनिया घेतलं.

जेनोआ इटलीत, सार्डिनियाही इटलीचं. इटलीच्या व्हिसाला किती आठवडे लागतात हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ब्रिटिश होण्याआधी तो मी स्वतः काढलेला होता. तेवढे आठवडे उरले नव्हते. फोन ठेवला तेव्हा मला फार बरं वाटलं.

रविवारी ते जेवायला आले. जेवणं झाल्यावर मी टेबलावर नकाशा पसरला.

"कॉर्सिका फुल झालंय," मी म्हणालो. "सार्डिनिया घेतलं. शेजारीच आहे, समुद्र तोच."

तो नकाशाकडे बघत राहिला. "हे इटली आहे."

"हो."

"आमच्याकडे इटलीचा व्हिसा नाही."

"अरे हो, खरंच की."

त्याची बायको हातातली वाटी खाली ठेवून म्हणाली, "भावजी, मागच्यापुढच्या दिवशीची नाही का मिळणार? आम्हाला एखादा दिवस इकडेतिकडे चालेल."

"विचारलं ना, वहिनी. कुठल्याच दिवशी नाही."

"इतकी वर्षं बुकिंग करतोस," तो म्हणाला, "आणि व्हिसाचं तुझ्या लक्षात आलं नाही?"

"व्हिसा डोक्यात येत नाही रे आता. सवय गेली."

हे वाक्य मी फोन ठेवल्यापासून तयार ठेवलं होतं. त्याला ते लागलं. मला ते लागलेलं बघायचंच होतं.

"सवय गेली," तो म्हणाला. "बरोबर आहे. जा तुम्ही साहेबलोक. आम्ही घर राखतो."

माझी बायको मध्ये पडली. "कुणीच नको जायला. सगळे मिळून वेल्सला जाऊ."

"तिथे व्हिसा लागतो का ते याला विचारा आधी," तो म्हणाला.

त्याची मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, बाकी सगळ्यांच्या डॅडनी केलाय ना ब्रिटिशवाला. तुम्हीच का नाही करत? इट्स जस्ट अ पासपोर्ट."

तो बायकोला म्हणाला, "कोट घे, निघू."

आम्ही सार्डिनियाला गेलो. पैसे भरलेत, आता काय करणार, असं मी घरात सांगितलं. बायको गाडीत रस्ता सांगण्यापुरतं बोलली, तेवढंच. तिला कळलं होतं का, हे मी विचारलं नाही.

हिवाळ्यात तो एकटाच आमच्याकडे आला. ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज भरून बरोबर आणला होता. अर्जदार चांगल्या वर्तनाचा आहे असं ब्रिटिश नागरिक असलेल्या ओळखीच्या माणसांनी लिहून द्यावं लागे.

"पोरगी उन्हाळाभर बोलली नाही माझ्याशी," तो म्हणाला. "परत जायचं आता मी घरात काढत नाही. उगाच वाद. तू देशील ना लिहून?"

टोमणा नाही, काही नाही. खुर्चीच्या कडेवर बसला होता, पेशंट बसतात तसा. कॉर्सिकाच्या दुसऱ्या दिवशीच्या बोटीत जागा होती, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या आणि तो अर्ज कदाचित तिथेच फाडला असता. मी पेन शोधलं. याला विद्यार्थिदशेपासून ओळखतो, माणूस सचोटीचा आहे, असं लिहिलं आणि खाली सही केली.

त्याने कागद उचलला, शाई वाळावी म्हणून हलकेच फुंकर घातली आणि घडी करून खिशात ठेवला.

"थँक्यू," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना असं कधी म्हटलं नव्हतं. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो आणि म्हणालो, "अरे, त्यात काय."