ओठ आधी, आवाज मागून

बाई समोरच्याचा हात धरायच्या आणि सरळ स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या. मग विचारायच्या, "लागतंय?"

पहिल्याच भेटीत त्यांनी माझाही हात असा ठेवला. ठाकुर्ली स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या केंद्रातला प्रिंटर बिघडला म्हणून मी गेलेलो. काम करता करता सहज विचारलं, की ऐकू न येणाऱ्या मुलांना तुम्ही बोलायला शिकवता तरी कसं? त्यांनी माझा तळवा उचलला, गळ्यावर टेकवला आणि लांबलचक "म" म्हणाल्या. तळव्याखाली काहीतरी घुमलं, डबीत भुंगा अडकावा तसं. पन्नाशी उलटलेल्या बाईंच्या गळ्याला हात लावून मी उभा आणि समोर सगळी चिमुरडी माझ्याकडे टकामका बघतायत. मी लाजून लाल. बाईंना त्याचं काहीच नाही.

"लागतंय?"

"हो, लागतंय."

"ज्याला कानाने मिळत नाही त्याला हाताने द्यायचं. आणि ती मिशी जरा काप रे. पोरांना तुझा वरचा ओठ दिसत नाही."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाची सवय अंगात इतकी मुरते, की काम संपलं तरी ती उतरत नाही. बाई भाजीवाल्याशी बोलतानाही उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा बेताने उभ्या राहायच्या. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला पुढे जाऊन त्याच्या तोंडासमोर उभ्या राहायच्या आणि एकेक अक्षर सुटं करून सांगायच्या. तो बिचारा आधी दचकायचा, मग स्वतःही तसाच बोलायला लागायचा.

केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. भिंतीवर आरसा होता, पण आपल्या गुडघ्याच्या उंचीवर. बाई त्याच्यासमोर मांडी घालून बसायच्या आणि मूल मांडीत. पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरायच्या. "प" म्हटलं की पट्टी उडायची, "म" म्हटलं की नाही. पट्टी उडाली की मूल खिदळायचं, आणि ते हसणंही बाई वाया जाऊ द्यायच्या नाहीत. लगेच त्याचा हात त्याच्याच गळ्यावर. "बघ, हा तुझा आवाज!"

मुलं सगळी साध्या घरची. कानाला यंत्र होतं. पण बाई म्हणायच्या, "यंत्र ऐकवतं, बोलवत नाही. आणि बोलणं शिकायचं वय फार थोडं असतं रे. ते गेलं की मग डोक्यावर आपटलं तरी येत नाही."

त्या मुलांत स्वरा होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, पाच वर्षांची. नाव ठेवलं तेव्हा घरात कुणालाच काही कळलेलं नव्हतं. तिची आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची आणि सकाळचा धंदा उरकून पोरीला घेऊन यायची. स्वराला "आई", "दे" आणि "पाणी" येत होतं. पाणी म्हणताना "णी" घशातच राहायचं, पण बाईंना तेवढंही पुरे होतं. त्या धावत जाऊन पेला भरून आणायच्या. मागितलं की मिळतं हे पोराला कळायलाच हवं, नाहीतर ते कशाला बोलेल?

मग इमारतीवर पालिकेची नोटीस लागली. धोकादायक, ताबडतोब रिकामी करा. खरंच धोकादायक होती, जिन्याचे गज बाहेर आलेले. बाईंनी दुसरी जागा शोधायला सुरुवात केली. ठाकुर्लीत बघितली, कल्याणला बघितली. ऐकू न येणारी मुलं मोठ्याने ओरडतात, आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना समजत नाही. कुठल्याच सोसायटीला तो आवाज नको होता. एका चेअरमनने तर बाईंना सांगितलं, "मॅडम, मुकी मुलं म्हणालात म्हणून आम्ही हो म्हटलेलं. ही तर गप्पच बसत नाहीत."

बाई मला हे सांगताना हसल्या. "अरे, त्यांना गप्प न बसवणं हेच तर माझं काम!"

केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष ठाण्याला खोपटला राहायचे. निवृत्त इंजिनियर, सरळ माणूस. त्यांच्या घरी बैठक झाली आणि मलाही बोलावणं आलं. ते म्हणाले, "आता सर्व जग घरून काम करतं. जागा मिळेपर्यंत आपणही करू. मुलांना टॅबलेट देणारे एक दाते मिळाले आहेत. तुम्ही फक्त यंत्रणा उभी करून द्या."

मी उभी केली, आणि मनापासून केली. बाईंच्या घरी चांगलं कनेक्शन घेतलं, तोंडावर सारखा उजेड पडेल असा दिवा लावला, माइक बसवला. मुलांची माहिती सगळ्यांना उघडता येईल अशी एका ठिकाणी ठेवली. मग घरोघर फिरलो. कल्याणच्या चाळीत पोटमाळ्यावर टॅबलेट लावला. कोळीवाड्यात नेटवर्क फक्त ओट्यावर मिळत होतं, तिथे जाळी सुकवायच्या दोरीखाली स्टँड उभा केला. पहिल्या दिवशी पडद्यावर सगळे चेहरे एकदम दिसले तेव्हा बाईंनी टाळी वाजवली होती.

टाळी विरायच्या आत त्यांना कळलं.

"अरे, हे असं का? ओठ आधी येतात आणि आवाज मागून."

मी म्हटलं, "थोडा फरक राहणारच, बाई. सगळीकडेच असतो."

"तुला चालतो. तू शब्द ओळखतोस. ह्यांना मी ओठ आणि आवाज एकत्र देते, तेव्हा कुठे त्यांना कळतं की दोन्ही एकच. तेच सुटं झालं तर मी काय देऊ?"

मी बरीच खटपट केली. फरक कमी झाला, गेला नाही.

दुसरी गोष्ट मला त्याच आठवड्यात सापडली. स्वरा तोंड उघडत होती, गळ्याच्या शिरा ताणत होती आणि बाईंना काहीच ऐकू येत नव्हतं. आई शपथेवर सांगत होती, "बाई, पोर बोलतेय वो! अख्ख्या आळीला ऐकू जातेय." मी सेटिंग उघडून बघितलं. अशा कॉलमध्ये मागचा गोंगाट आपोआप गाळायची सोय असते. माणसाचं बोलणं ठेवायचं, बाकीचं काढायचं. स्वराचा आवाज त्या सोयीला बोलणं वाटत नव्हता. पंखा, कुकरची शिट्टी, स्वरा, सगळं एकत्र गाळलं जात होतं.

मी ती सोय बंद केली. लगेच सगळ्या घरांतले टीव्ही, मिक्सर, भांडणं एकदम आत आली, आणि त्यात ती पोरं पुन्हा हरवली.

मी बाईंना कारण समजावलं. त्या म्हणाल्या, "सोसायटीवाले काही वेगळं बोलत नव्हते."

तरी त्या रोज बसायच्या. तास ठरलेला, साडी नीट, तोंडावर उजेड. एकदा वायर बदलायला मी त्यांच्या घरी होतो. त्या "म" म्हणत होत्या आणि त्यांनी सवयीने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. तिकडून स्वराने बघितलं. ती उठून टॅबलेटजवळ आली आणि तिने काचेवर तळवा टेकवला. पडद्यावर नुसता तिचा हात, मोठा, पांढुरका. बाई "म" म्हणत राहिल्या. श्वास संपेपर्यंत म्हटलं, पुन्हा श्वास घेऊन म्हटलं. पोरगी हात दाबून वाट बघत होती. मग तिने हात काढला, तळवा उलटा करून बघितला आणि खेळायला निघून गेली.

बाई मला म्हणाल्या, "तिचं काही चुकलं नाही."

त्यानंतर त्या घरोघर जायला लागल्या. गुडघे दुखत होते, रिक्षा बदलत जायचं, कोळीवाड्याला शेवटचा रस्ता चालत. पण एका घरून दुसऱ्या घरी पोचेपर्यंत दिवस संपायचा आणि एका मुलाला आठवड्यातून जेमतेम एकदा बाई मिळायच्या. पावसाळ्यात त्या घसरून पडल्या. मनगट मोडलं. जाणं थांबलं.

अध्यक्षांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण हजेरी तर उत्तम दिसते आहे." दिसत होतीच. टॅबलेट चालू केला की यंत्रणा हजेरी लावायची. मूल समोर आहे की अंगणात, हे तिला कुठून कळणार? दात्यांना हजेरी आवडली. जागेचा विषय मागे पडला, आणि मग कुणी काढलाच नाही.

एकेक मूल कमी झालं. एकाचं कुटुंब गावाला गेलं, एकीचा टॅबलेट मोठ्या भावाने अभ्यासाला घेतला. बाई म्हणायच्या, "हातांच्या खुणांची भाषा नीट शिकवणारं कुणी ह्यांच्या जवळपास असतं ना, तर मी स्वतः बोटाला धरून नेऊन सोडलं असतं. भाषा कुठलीही चालेल रे. काहीतरी हवी."

स्वराची आई शेवटपर्यंत कॉल लावत राहिली. त्या दिवशी बाईंनी माइक बदलायला मला बोलावलेलं, म्हणून मी हे ऐकलं. ती ओट्यावर एकटीच बसलेली.

"बाई, आता ती आवाजच काढत नाय."

"कधीपासून?"

"झाले दिवस. आधी ओरडायची तरी. आता बोट दाखवते नि गप. सासू बोलते, बरं झालं, घर शांत झालं."

बाईंनी हात पुढे केला आणि कॅमेरा बंद केला. तिकडून आई विचारत होती, "बाई, नेट गेलं का वो?"

मी बाईंकडे बघितलं. त्या अगदी हळू, ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या, "फोन करून सांग तिला, गेलं म्हणून."

थोड्याच दिवसांत बाईंनी राजीनामा दिला आणि त्या चिपळूणला भावाकडे राहायला गेल्या. जाताना निरोप घ्यायला दुकानात आल्या नाहीत. सुरुवातीला मी फोन करायचो. तब्येत, पाऊसपाणी, भावाची नातवंडं, एवढंच बोलायच्या. मुलांबद्दल त्या विचारायच्या नाहीत आणि मी सांगायचो नाही. मग फोनही राहिला.

परवा डोंबिवलीच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. ओट्यावर स्वराची आई, आणि शेजारी स्वरा. उंच झालीय. आई कापत होती आणि पोरगी गिऱ्हाईक बघत होती. कुणी मासळीवर बोट ठेवलं की ती बोटांनी भाव दाखवायची, मान हलवून नाही म्हणायची, पटलं की पिशवी उघडायची. हुशार आहे. मी वाकून तिच्याशी बोललो, एकेक अक्षर सुटं करून. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझं बोट कुठल्या मासळीवर जातंय, तेवढंच ती बघत होती.

मी कोळंबीवर बोट ठेवलं. तिने पिशवी उघडली.