गाल भरले का, मॅडम?

"उतरा. परत चढा."

गयाबाई वजनकाट्यावरून उतरल्या आणि भिंतीला धरून परत चढल्या. आकडा तोच. एकोणऐंशी. काटाच बिघडला असेल म्हणून मी त्यांना बाजूला केलं आणि स्वतः वर उभी राहिले. काटा ठणठणीत होता. माझं वजन त्यानं नेहमीसारखंच कसलीही दयामाया न करता दाखवलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हिंगोलीत हाडांच्या एका दवाखान्यात काम करते. पेशंट मला 'मालिशवाल्या मॅडम' म्हणतात. मी मालिश करत नाही हे सांगणं मी कधीच सोडून दिलंय. फ्रॅक्चरनंतर आखडलेले हात, धरलेली कंबर, झिजलेले गुडघे यांना पुन्हा कामाला लावायचं, ही माझी नोकरी.

गयाबाई डोंगरकड्याच्या. वय पन्नाशीच्या पुढे, घरी थोडी शेती आणि शेरडं. पहिल्यांदा आल्या तेव्हा गुडघ्यांची झीज झालेली होती. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये एक गुळगुळीत गादी असते, ती घासून पातळ झाली की हाडाला हाड लागायला लागतं. त्यात वजन जास्त असेल तर विचारूच नका, कारण चालताना शरीराचा भार गुडघ्यावर कैक पटीनं पडतो. आमच्या डॉक्टर सरांनी एक्सरे बघून सांगितलं होतं, "ऑपरेशन इतक्यात नको. वजन उतरवा, मांडीचा स्नायू मजबूत करा. जमलं तर बरीच वर्षं निघतील. नाही जमलं तर वाटी बदलावी लागेल." मग त्यांना माझ्याकडे पाठवलं. सर एक वाक्य बोलतात, पुढचं वर्षभर मी निस्तरते.

पण गयाबाईंनी मला निस्तरू दिलंच नाही. चौऱ्याऐंशीच्या एकाहत्तर झाल्या. तेल कमी, चहात साखर नाही, रात्री अर्धीच भाकर. सांगितलेला व्यायाम रोज. दिवाळीच्या आधी आल्या तेव्हा शेरडांमागे माळावर जाऊन यायला लागल्या होत्या. मी दुसऱ्या पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायची. सरही द्यायचे, आणि सर सहसा स्वतःशिवाय कुणाचं उदाहरण देत नाहीत.

आणि आता संक्रांत झाल्यावर आल्या त्या एकोणऐंशी घेऊन. उजवा गुडघा सुजलेला. एक पाय ओढत चालणं पुन्हा सुरू.

"काय खाता?"

"तुमी सांगितलं तेच खाऊन राहिले की."

"व्यायाम?"

"रोज. बघा."

त्या टेबलावर बसल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, असा तो साधा व्यायाम असतो. त्यांनी दाबली. मी मांडीवर हात ठेवून पाहिलं. स्नायू चांगला टणक. व्यायाम सोडलेल्या माणसाची मांडी अशी लागत नाही, हे मी डोळे मिटून सांगू शकते. म्हणजे बाई खोटं बोलत नव्हती. मग हे आठ किलो आले कुठून?

सरांकडे गेले. सर म्हणाले, "चोरून खात असतील."

"सर, तसं वाटत नाही."

"तुला काय वाटतं त्यानं वजन वाढत नाही. थायरॉईड करून घे."

थायरॉईड केलं, नॉर्मल आलं. अंगावर पाणी धरलंय का पाहिलं. नव्हतं. रिपोर्ट घेऊन त्या परत आल्या तेव्हा मी काळजीनं त्यांच्यासमोर बसले. खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटत होतं. वजन परत वाढलं की माणूस खचतो, काट्याकडे बघायचं टाळतो, दवाखान्यातच यायचं बंद करतो, हे मी खूप पाहिलंय. ही बाई मात्र आकडा ऐकून तोंडातल्या तोंडात "बरं झालं" म्हणाली. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

मग त्या जरा पुढे वाकल्या. "मॅडम, तोंडावर दिसतं का? गाल भरले का?"

बिचारीला लाज वाटत असेल, असं मला वाटलं. धीर द्यावा म्हणून म्हटलं, "छे, तोंडावर काही दिसत नाही. काळजी करू नका."

त्यांचा चेहरा पडला. "न्हाई दिसत?" असं म्हणून पदर सावरत उठल्या आणि पाय ओढत निघून गेल्या. मी त्या टॉवेलच्या गुंडाळीकडे बघत बसले. धीर दिला तर बाई नाराज झाली, हा काय प्रकार होता ते मला कळेना.

पुढच्या आठवड्यात डोंगरकड्याला आमच्या दवाखान्याचं गुडघेदुखीचं शिबिर होतं. काम संपल्यावर मी गयाबाईंचं घर विचारत गेले. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण त्या ओट्यावरच बसल्या होत्या. रस्त्याकडे तोंड करून. मांडीवर ताट, ताटात तुपानं चकाकणारा शेंगदाण्याचा लाडू, आणि दुसरा हातात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला हाक मारून त्या बोलत होत्या आणि बोलता बोलता खात होत्या.

मला पाहून लाडू तसाच हातात राहिला.

"गयाबाई! तुम्ही तर म्हणालात, सांगितलं तेच खाते."

"तेच खाते. दोन टाइम तुमचंच खाते." त्यांनी मान खाली घातली. "हे त्याच्या वरतून. तुमी काय खाता ते इचारलं, आणखी काय खाता ते कुठं इचारलं?"

माझा संताप झाला. इतक्या महिन्यांची मेहनत ही बाई भर रस्त्यात, सगळ्या गावादेखत खाऊन टाकत होती. मी आवाज चढवून म्हटलं, "काहून पण? गुडघा सुजलाय, चालता येत नाही. तुम्हाला ऑपरेशन करून घ्यायचंय का?"

त्यांनी लाडू ताटात ठेवला आणि त्या उठल्या. मला आत घेऊन गेल्या. त्यांचा मुलगा विष्णू शेरडांना पाला टाकत होता, तो उठून बाहेर गेला. घरात आणखी कुणी नव्हतं. मी सहज विचारलं, "सून कुठाय? लग्न झालं होतं ना मुलाचं?"

आणि गयाबाई रडायला लागल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. विष्णूचं लग्न झालं ते मागच्या उन्हाळ्यात. सून सुवर्णा, पुसेगावची. तिच्या हातात स्वयंपाक आला आणि त्याच सुमाराला माझ्याकडून गयाबाईंना डाएट मिळालं. सुवर्णा मन लावून करायची. सासूची भाजी वेगळी, कमी तेलाची, चहा वेगळा. सासू उतरायला लागली. आणि गावानं दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या.

"परत्येक बाई तेच म्हणायची. सून आली अन् सासू वाळली. एका लग्नात तर एकजण माझा गाल धरून म्हणाली, काय गं, पोटाला घालती का न्हाई तुझी सून? मी पयले हसले. मंग सांगाया लागले, दवाखान्यातून सांगितलंय म्हणून. तर म्हणतात, कसं सुनेला पाठीशी घालून राहिली बघा." गयाबाईंनी डोळे पुसले. "ती गोष्ट फिरत फिरत पुसेगावला गेली. तिच्या मायच्या तोंडावर कोणी बोललं, तुमच्या पोरीनं सासूला उपाशी ठेवलंय. दिवाळीला गेली ते लेकरू आलंच न्हाई. म्हणते, मी करू तरी कसं? तेल घातलं तर आत्याबाईचा पाय दुखतो, न्हाई घातलं तर माझं नाव जातं."

"मग तुम्ही..."

"मंग म्या ठरवलं. अंग भरून दाखवायचं. गावानं बघावं, अन् मंग म्या तिला घेऊन यावं."

ओट्यावरचं ताट, गाल भरले का, ते 'बरं झालं', सगळं एकदम जुळलं. आणि जुळल्यावर माझा गोंधळ वाढला. थायरॉईडवर माझ्याकडे उत्तर होतं. यावर काय द्यायचं?

"पण गुडघा, गयाबाई?"

"गुडघा माझा हाय, मॅडम. नाव तिचं हाय."

मला तेव्हा रागही आला आणि बाईचं कौतुकही वाटलं. मी विचार केला, गावातल्या बायकांशी आपणच बोलू. शिकलेल्या माणसाला असं वाटतं खरं. शेजारच्या चारपाच जणी तोवर दारात जमल्याच होत्या. मी उभं राहून छान समजावून सांगितलं. गादी, हाड, भार, सगळं. शेवटी म्हटलं, "यांचं वजन सुनेनं नाही, मी उतरवलं होतं."

एक म्हातारी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी सून आली न्हाई वाटतं अजून. अंगानं बऱ्या भरलेल्या दिसता."

सगळ्या खो खो हसल्या. गयाबाईसुद्धा. माझं भाषण तिथंच संपलं.

मग चहा आला. मी म्हटलं, साखर नको. "असं कसं, पयल्यांदा आल्या." डॉक्टरांनी बंद केलीय म्हटलं. "एका टाइमानं काय होतंय." शेवटी दोन चमचे साखरेचा चहा माझ्या हातात आलाच. वजन कमी कसं करायचं हे सांगणारी मी, आणि एक कप चहा मला परत करता येईना. तेवढ्यात शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या, "मला बिनगोडाचा. औंढ्याला सोडलंय गोड."

त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. गुपचूप बिनसाखरेचा चहा त्यांच्यापुढे ठेवला गेला.

मी विचारलं, "यांना आग्रह का नाही केला?"

"देवापुढं सोडलंय ना. आग्रह करणाऱ्याला पाप लागतं."

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं आणि आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडून यायचा. माझ्या आजीनं वांगं सोडलं होतं. पण या गोष्टीचा आणि माझ्या कामाचा काही संबंध असेल, हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बायका गेल्यावर मी गयाबाईंना अडखळतच विचारलं, "तुम्ही... असं काही सोडाल का?" माझं मलाच विचित्र वाटत होतं. कॉलेजमधल्या सरांनी हे ऐकलं असतं तर डिग्री परत मागितली असती.

गयाबाईंनी रिकामे कप गोळा केले. मग म्हणाल्या, "उगं कोणी सोडत न्हाई. कोणासाठी तरी सोडावं लागतं."

"सुवर्णासाठी सोडा."

मग आमचा चांगलाच सौदा झाला. गोड सोडायला त्या तयार. तळलेलंही चालेल. मी भात म्हटलं तर म्हणाल्या, "भात सोडला तर पंगतीत काय खाऊ, पत्रावळ?" भात राहिला. मी आणखी ताणलं नाही. देवाच्या नावावर मी किती वाटाघाटी कराव्यात, हेही मला कळत नव्हतं.

पुढचं मला सुवर्णानं दवाखान्यात सांगितलं. गयाबाई एकट्या एसटीनं पुसेगावला गेल्या. स्टँडपासून तिच्या घरापर्यंत सुजल्या पायानं चालत. दारात पोचल्या तेव्हा उंबरा चढता येईना. "मी बाहेर आले, मॅडम. म्हटलं, आत्याबाई, पाय काहून ओढून राहिल्या? तर म्हणे, तुझ्यासाठी जाड झाले न् बाई. आता चल, बारीक होऊ दे." तिच्या आईनंच तिची पिशवी भरली. येताना दोघी वाट वाकडी करून औंढ्याला गेल्या. गयाबाईंनी देवापुढं गोड आणि तळलेलं सोडलं, आणि गावात परतल्यावर पहिल्याच दिवशी पाणवठ्यावर जाहीर केलं.

गाव तेच होतं. बायका त्याच होत्या. आता त्या म्हणायला लागल्या, "सुनेसाठी सासूनं गोड सोडलं. नशीब काढलं पोरीनं." वजन उतरायला लागलं तरी सुनेला कुणी बोल लावला नाही. तब्येत उतरतेय ती देवाच्या नावानं, त्यात सुनेचा काय दोष? मी तासभर शास्त्र सांगून जे झालं नाही, ते एका वाक्यात झालं. मला अजून ठरवता येत नाही, की मी यावर खूश व्हावं की वैतागावं.

उन्हाळा लागता लागता गयाबाई चौऱ्याहत्तरवर आल्या. सूज गेली. सरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि मला विचारलं, "या वेळी काय दिलंस?"

"डाएट, सर."

"तेच तर मागच्या वेळी दिलं होतं."

"हो सर."

सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी एक्सरेकडे पाहिलं.

त्या दिवशी गयाबाई काट्यावरून उतरल्या, भिंतीला न धरता. आणि त्यांनी सुवर्णाचा दंड पकडून तिला काट्यावर चढवलं. ती लाजून नको नको म्हणत होती.

"हिचं सांगा, मॅडम."

"बावन्न. चांगलं आहे की."

"आल्यापासून उतरून राहिली, बांगड्या ढिल्या झाल्या. माझ्यासोबत बिनतेलाचं खाऊन राहिली, ऐकतच न्हाई." गयाबाई अगदी काकुळतीला आल्या होत्या. "हिचं वाढवायचं काही तरी लिहून द्या. आता लोक म्हणतील, सासूनं गोड सोडलं अन् सुनेला उपाशी मारलं."

तेव्हापासून वजन परत वाढलेला पेशंट आला की मी आधी थायरॉईड लिहीत नाही. आधी विचारते, घरात कोण कोण आहे, आणि गाव काय म्हणतंय.