उकंडरावांची शाळेची वरात

महाराष्ट्र नवाच झाला होता आणि धाड गावाजवळच्या एका लहानशा वस्तीत उकंडरावांना भलतंच वेड लागलं होतं. चाळिशी उलटलेला शेतकरी माणूस, पण रोज सकाळी बैलांना वैरण टाकून दारोदार ओरडत फिरायचे, "निंघा रे पोरंहो, शाळेची वरात चालली!" वस्तीत शाळा नव्हती आणि धाडची शाळा कोसभर लांब. एकट्यानं जायचं म्हटलं की पोरांच्या पोटात दुखायचं. वरात म्हटली की तीच पोरं न्याहारी टाकून पळायची. कोणी जर्मनचं ताट बडवी, कोणी नवरदेव होई, आणि घोडा अर्थातच उकंडराव. लोक हसायचे. हसेनात का! त्यांच्या बापजन्मी असा घोडा कोणी पाहिला होता?

फक्त पंचफुलाच्या दारापुढे ताट मुकं व्हायचं. तिची कोकिळा आठ वर्षांची झाली, तरी उंबऱ्यात बसून जाणाऱ्या पोरांकडे बघत राहायची. तिच्या आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून पंचफुलानं देवीला नवस बोलला होता की ही जगली तर हिच्या वजनाइतक्या गुळानं हिची तुला करीन, आणि तोवर हिचा पाय गावाच्या शिवेला लागू देणार नाही. गुळाची तुला आज करू, उद्या करू, असं करत वर्षं चालली होती.

उकंडरावांना ते बघवत नसे. ते स्वतःही असेच नवसाचे. जगावं म्हणून आईनं जन्मताच उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलेलं, आणि पुढे कडेवरून खाली म्हणून उतरवलं नाही. शाळा राहिली ती राहिलीच.

एका सकाळी ते थेट पंचफुलाच्या ओट्यावर जाऊन बसले.

"पंचफुलाबाई, नवसात नेमकं काय बोलली होती तू?"

"शिवेले हिचा पाय लागू देनार नाही म्हनून."

"पायच ना?"

"हाव. काऊन?"

उत्तर द्यायला उकंडराव होते कुठे? कोकिळाला खांद्यावर घेऊन ते निघालेसुद्धा. पोरं आनंदानं किंचाळली, ताट कडाडलं आणि पंचफुला "भाऊजी, थांबा" करत मागं धावली. शिवेचा शेंदरी दगड आला. उकंडरावांनी पोरीचे पाय छातीशी घट्ट धरले, लांब ढांग टाकली आणि पलीकडे तिला अलगद उतरवलं.

"पाह्य बरं, लागला का पाय?"

पंचफुला अलीकडेच थबकली. तिनं दगडाकडे पाहिलं, मग लेकीकडे. कोकिळा मातीत बोटं रुतवून बघत होती. मग जी सुटली, ती घोड्यालाही आटोपली नाही.

दिवसभर पंचफुलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपार कलताच ती शिवेवर येऊन उभी राहिली. धूळ दिसली, ताट ऐकू आलं. कोणाची तरी पाटी डोक्यावर धरून कोकिळा सगळ्यांच्या पुढे पळत येत होती. दगडापाशी मात्र ती थांबली. उकंडराव तिला उचलायला वाकले, तोच पंचफुलानं दोन्ही हात पुढे केले, लेकीला अलगद अलीकडे घेतलं आणि तिचे धुळीचे पाय पदरानं पुसले. उकंडराव आनंदानं घोड्यासारखे खिंकाळले.

"भाऊजी," पंचफुला म्हणाली, "उद्या मह्या दारात नका थांबू. इथलोक मीच आनतो तिले. तुमी फक्त तिकून घ्या."