शाळेखालचे थर

बासिलिया सुआन्याच्या शाळेची जमीन श्वास घेते. जवळून होडी गेली की फळा किंचित वर येतो, खाली जातो, आणि खडूची सरळ रेघ आपसूक लाटेसारखी वळते. लव्हाळ्यांच्या मुळांचे ठोकळे एकत्र बांधून त्यांवर लव्हाळे अंथरलेले हे तरंगते बेट. खालचे लव्हाळे कुजत जातात, म्हणून दर पंधरवड्याला वर नवा थर पडतो. तितिकाका सरोवरावर जन्मलेल्यांना त्याचे नवल ते कसले!

बासिलियाला मात्र लहानपणी ते वाटले होते. आपण झोपलो की बेट कुठे जाते, असे तिने वर्गात विचारले, तेव्हा गुरुजींनी तिला दारापाशी उभे केले. हसणाऱ्यांत निकानोर लुहानो सर्वांत पुढे होता, असे ती सांगते. आपण त्या दिवशी मासे धरायला गेलो होतो, असे निकानोर सांगतो. त्या वर्षीचा हजेरीपट उरलेला नसल्याने हा वाद मिटलेला नाही.

पुढे तीच त्या शाळेची शिक्षिका झाली. गेली एकोणीस वर्षे तिच्या वर्गात एक जाड वही आहे. तीत मुलांचे प्रश्न लिहायचे, खाली विचारणाऱ्याचे नाव, आणि उत्तरासाठी जागा कोरी सोडायची.

निकानोरच्या मुलीने, नेलिदाने, एके दिवशी विचारले, "बाई, माझी पेन्सिल गेल्या वर्षी फटीत पडली. ती आता कुठे असेल?"

"तुला काय वाटतं?"

"खाली उतरत असेल. हळूहळू."

"किती थर उतरली असेल?"

 थर मोजायला मुलांनी कोपऱ्यात हातांनी उकरायला सुरुवात केली. बासिलियाने अडवले नाही, आणि तिची चूक झाली ती इथेच. ढोपरभर खोलीवर पाणी लागले, खड्डा तसाच राहिला, आणि दोन दिवसांनी लव्हाळे अंथरायला आलेला निकानोर मांडीपर्यंत आत गेला.

"बेट कुजवायला बसलीयेस का, बासिलिया? भोकातून पाणी चढतं, हे शेंबडं पोरही जाणतं!"

"चुकलंच माझं. आजच बुजवते."

"ते नाही चालायचं. शनिवारी शाळेचं टोक कापून सोडून देतो. तुझं बेट तू सांभाळ."

ही पोकळ धमकी नव्हती. इथे भांडण विकोपाला गेले की करवत लावून बेटच वेगळे करतात. बेटावरच्या सहा घरांपैकी तीन घरे निकानोरच्या बाजूला झाली. शाळा तुटून दूर गेली असती, तर धाकट्या पाच जणांना वाऱ्यात होडी हाकत कुणी पाठवले नसते. नेलिदा त्या पाचांत होती.

शनिवारी दोघांनी ओढायची करवत आली. बासिलिया उकडलेल्या बटाट्यांचे गाठोडे घेऊन आली.

"लाच आणलीस वाटतं?" निकानोर म्हणाला.

"तुझ्यासाठी नाहीत, पोरांसाठी. आधी एक काम कर. कडेचा हातभर तुकडा काप. कड कापल्यानं बेट कुजत नाही ना?"

"नाही. पण त्यातून निघणार काय?"

"ते ठाऊक असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?"

निकानोर पुटपुटला, पण करवत त्याने कडेला लावली. दोरांनी ओढून तुकडा आडवा केला, आणि सगळे वाकून पाहू लागले. वर सोनेरी, खाली तांबूस, मग तपकिरी, अगदी तळाशी काळे. जणू कित्येक पंधरवडे एकमेकांच्या कुशीत निजले होते. मुले बोटे लावून मोजू लागली.

"एकेचाळीस!" नेलिदा म्हणाली.

"अडतीस. तू दोनदा मोजतेस," तिचा चुलतभाऊ एफ्राइन म्हणाला.

"सरका, दोघंही आंधळी!" निकानोर गुडघ्यांवर बसला. मोजताना त्याचे ओठ हलत होते. "त्रेचाळीस." मग बोट काळ्या लगद्यापाशी थांबले. "आणि इथून खाली? इथे तर काहीच वेगळं दिसत नाही."

"माहीत नाही," बासिलिया म्हणाली.

"बाई आहेस ना? तुला माहीत नाही?"

"नेलिदा, वही आण. प्रश्न लिही, आणि खाली बाबांचं नाव."

नेलिदाने जपून अक्षर काढले. निकानोरने आपले नाव बराच वेळ पाहिले. लोकांनी शाळेभोवती कापण्यासाठी ठोकलेल्या खुंट्या अजून उभ्या होत्या. त्याने त्या एकेक उपटल्या आणि ताज्या लव्हाळ्यांचा भारा खड्ड्यात दाबून बसवला.

"भोक पुन्हा दिसलं तर बघ," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी ती दुसरी कड कापू. तिथलं बेट जुनं आहे."

पेन्सिल सापडली नाही. वहीत तीन आकडे एकाखाली एक आहेत, कोणताही खोडलेला नाही. निकानोरच्या प्रश्नाखाली कोरी जागा आहे. जवळून होडी गेली की ते पानही किंचित वर येते, खाली जाते.