आळीपाळीचे भाऊ

लेकीच्या शाळेत तेव्हा ग्रीक दंतकथा चालू होत्या. सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना तिने कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या भावांची गोष्ट ऐकवली. आई एकच, पण कॅस्टर साध्या माणसाचा मुलगा, पोलक्स देवाचा. कॅस्टर मेला तेव्हा पोलक्सने आपलं अर्धं अमरत्व त्याला दिलं. एका कथेत मग दोघं पाळी लावतात. आज हा स्वर्गात आणि तो पाताळात, उद्या उलट.

"सो दे नेव्हर मीट, लाह," ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "सेम लाइक यू अँड काका."

मला राग आला. पोरीचा नव्हे, तिचं म्हणणं खरं असल्याचा.

माझा जुळा भाऊ जवळच हौगांगला राहतो. आम्ही हुबेहूब सारखे. काही मिनिटांनी तो थोरला, मी धाकटा. आई पुण्यात अंथरुणाला खिळलेली, बरंचसं विसरलेली. आम्ही तिच्याकडे आळीपाळीने जातो, कारण रजा तेवढ्याच. त्या देवांना निदान रजेचा अर्ज तरी करावा लागला नसेल. बॅगही एकच. परतणारा ती चांगी विमानतळावर जाणाऱ्याच्या हातात देतो, औषधं बदलली असतील तर सांगतो आणि घरची एमआरटी ट्रेन पकडतो.

आई मला थोरला समजायची. दर खेपेला विचारायची, धाकटा का रे येत नाही? मीच धाकटा, हे सांगून सांगून मी थकलो. तिला थोरलाच हवा म्हणून तिला तोच दिसतो, असं मी मनाशी धरून बसलो होतो. फार जळायचो त्याच्यावर. ती जाण्याआधी तिने एकदा मला ओळखावं, एवढंच हवं होतं.

पुढच्या पाळीला विमानतळावर मी हे भावाला बोलून टाकलं. त्याने बॅगेची मूठ सोडली नाही.

"मला ती धाकटा म्हणते," तो म्हणाला. "आणि विचारते, थोरला का येत नाही."

आता दोघं एकदमच जाऊ, असं आम्ही म्हणालो. पण मग पुढच्या महिन्यात तिच्याकडे कोण जाणार? मी बॅग घेतली आणि आत गेलो.

पुण्यात आईने माझा हात धरला आणि धाकट्याचं विचारलं. या वेळी मी वाद घातला नाही.

"निघालाय, आई. पोचेलच आता."

ती खुलली. माझा हात सोडून दाराकडे बघत बसली.